सगळ्यात हळू, तो सगळ्यात पुढे

राठोड सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायच्या, आधी पायांकडे. पायांकडे म्हणजे खरं तर चपलांकडे. माझ्या औषधाच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नेमका काउंटरच्या बाहेर उभा होतो, म्हणून सापडलो. त्यांनी माझ्या चपला नीट न्याहाळल्या, मग मान वर करून विचारलं, "भाऊ, तुमी दिवसभर खुर्चीवरच बसून राह्यता का?"

मी म्हटलं, "कशावरून?"

"टाच झिजलीच नाई. अंगठ्यापाशी तेवढं घासलं हाय. बसल्या बसल्या पाय हालवत असान."

आत बायको खो खो हसली. बसल्या बसल्या पाय हलवायची माझी सवय लग्नाइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात दिवसातून एकदा तरी वाजतं. हे या बाईला कोणी सांगितलं, मला कळेना. सांगितलं कोणीच नव्हतं. त्यांना चपला वाचता यायच्या.

बोरी अरबला बस स्टँडसमोर माझं मेडिकल होतं. मेडिकलवाल्याला गावातल्या घराघराचं दुखणं ठाऊक असतं, आणि मी गेली काही वर्षं पाहत होतो की ताप-खोकल्याची औषधं मागे पडून शुगर आणि बीपीच्या गोळ्या पुढे आल्या आहेत. गाव जितकं बसेल तितकं माझं दुकान चालेल, असा सगळा मामला होता. तेव्हा सिस्टरनी जे काही आरंभलं ते माझ्या पोटावर पाय देणारंच होतं. तरीही मी त्यांच्या बाजूनं झालो, याचं श्रेय माझ्या चांगुलपणाला नाही. त्या बाईंना नाही म्हणणं कोणाला जमायचंच नाही.

सिस्टर मूळच्या दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरच्या. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी त्यांची माणसं, आता सगळी कापूस-तूर पेरणारी. शिकून नर्स झालेली तांड्यावरची ती पहिली मुलगी. पुढे सारी नोकरी उपकेंद्रावर गेली, म्हणजे रस्त्यावरच गेली. खांद्याला लसींचा डबा, हातात काळी छत्री, आणि या तांड्यावरून त्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पायी. उंचीनं बुटक्या, पण चाल अशी की बरोबरीनं चालणाऱ्याला मधूनच पळावं लागायचं. बोलायच्या त्याही तशाच, दम न घेता. "पायाले काम नसन तं तोंडाले येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकवताना आपलं तोंड किती चाललंय याकडे त्यांचं लक्ष नसायचं.

चपला वाचायची विद्या त्यांना नोकरीनं दिली. घरोघर जायचं, तर आधी दारात काढून ठेवलेल्या चपला मोजायच्या. घरातले म्हणणार, सगळे बरे आहेत. चपला खरं सांगणार. "तळाले धूळ असन तं चांगलं, भाऊ. वरून धूळ असन तं वाईट. वरून धूळ म्हंजे चपलेत पाय गेलाच नाई." एका घरी सुनेच्या चपलांवर आठ दिवसांची धूळ पाहून त्या 'सून माहेरी गेली' म्हणणाऱ्या सासूला बाजूला सारून सरळ आत शिरल्या होत्या. सून आतल्या खोलीत तापानं फणफणलेली, सातवा महिना. तिला त्या बैलगाडीतून दवाखान्यात घेऊन गेल्या. ती मुलगी आज बचत गटाची अध्यक्ष आहे आणि सिस्टर दिसल्या की आधी आपल्या चपला पुढे करून दाखवते.

निवृत्त झाल्यावर सिस्टर बोरीतच राहिल्या. त्याच सुमारास गावात 'चला, चालूया' म्हणून एक कार्यक्रम आला. शाळेच्या भिंतीवर बॅनर लागला, साहेब आले, पोहे झाले, फोटो निघाले. पहिल्या रविवारी पाऊणशे माणूस. तिसऱ्या रविवारी चार. त्या चारांत एक सिस्टर, एक गजानन टेलर, एक त्याची बायको आणि चौथी गजाननची बकरी, जी तो जाईल तिथे त्याच्या मागे जायची.

मला वाटलं, संपलं. सिस्टर मात्र त्या दिवशी दुकानाच्या बाकावर येऊन बसल्या. पिशवीतून लसीकरणाचं एक जुनं रजिस्टर काढलं, मागची कोरी पानं उघडली आणि माझ्याकडे पेन मागितला.

"भाऊ, शेतकरी मानूस दिवसभर वावरात चालतेच. त्याले 'चाला' म्हना, तं तो हासते. अन् ज्याले चालाची गरज हाय, ते घरी बसून राह्यते. एकट्यादुकट्यानं होत नाई हे. अख्खं घर बाहेर निंघालं पाह्यजे. अन् निंघाचं कायले? तं घरी जे भेटत नाई, ते तिथं भेटलं पाह्यजे."

"घरी काय भेटत नाही?" मी विचारलं.

"ते पाहू ना आता," म्हणून त्यांनी पानावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'खेळ', दुसऱ्यावर 'कोण हासलं', तिसऱ्यावर 'कोण गप'. पुढे दोन वर्षं दर रविवारी दुपारी ते रजिस्टर माझ्या बाकावर उघडलं गेलं. मी अनेकदा डोकावलो आहे. दुसऱ्या रकान्यात त्या भराभर नावं लिहायच्या. तिसऱ्याशी मात्र थांबायच्या, आणि पुढच्या रविवारचा खेळ त्या तिसऱ्या रकान्यावरून ठरायचा.

पहिला खेळ सासू-सुनांच्या अदलाबदलीचा. नदीपर्यंत चालायचं, पण प्रत्येक सुनेनं दुसरीच्या सासूबरोबर. गावात कुजबूज झाली, पुरुषांनी थट्टा केली, आणि रविवारी बायका झाडून आल्या. अडाण नदीच्या पुलापर्यंतच्या वाटेवर जे काही बोललं गेलं ते सांगण्यासारखं नाही. प्रत्येक सासूला हक्कानं ऐकणारी सून मिळाली होती आणि प्रत्येक सुनेला आपल्या घरी न कळवणारी सासू. परत फिरायची वेळ झाली तरी कोणी उठेना. मग आला मुक्या फेरीचा खेळ, नवरा-बायकोनं नदीपर्यंत एक शब्दही न बोलता, फक्त खाणाखुणांनी चालायचं. त्यात एक जोडपं सहज पहिलं आलं. सिस्टरनी कौतुक केलं तर नवरा म्हणाला, "आमाले सवय हाय ना. दिवाईपासून बोलनं बंद हाय." सगळे हसले. त्याची बायकोही हसली, आणि परतताना ती दोघं बोलत होती, म्हणजे भांडत होती. सिस्टरनी दोघांची नावं दुसऱ्या रकान्यात घातली.

कधी नातवंडांनी आजी-आजोबांकडून वाटेतल्या एकेका धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, गोष्ट ऐकायची आणि परत येऊन चुका न करता सांगायची. कधी प्रत्येक घरानं एक भाजी आणायची, नदीकाठी एकच भाजी आणि रोडगे करायचे. एखादा खेळ पार फसायचा. डोळे बांधून चालायच्या खेळात दोन माणसं पऱ्हाटीत, उभ्या कापसात, शिरली आणि वावरमालकानं सगळ्यांनाच हाकललं. सिस्टरनी त्या खेळापुढे फुली मारली आणि वावरमालकाचं नाव 'कोण गप' मध्ये लिहिलं, कारण तो इतके दिवस एकदाही आला नव्हता. पुढच्या रविवारी त्याला धुरे दाखवायचं काम देऊन त्यांनी बरोबर ओढला. हळूहळू चाराचे चाळीस झाले, चाळिसाचे शंभराच्या घरात गेले. माझी बायको शोभाही जाऊ लागली. मी दुकान उघडायचं कारण सांगून राहिलो.

आणि मग सिस्टरच्या हातून चूक झाली.

कोणाच्या तरी शिकून आलेल्या भाच्यानं सांगितलं की मोबाइल पावलं मोजतो. सिस्टरना ते फार आवडलं. आठवडाभर मोजा, ज्या घराची पावलं जास्त त्या घराला स्टीलची कळशी. झालं, गावाला ऊत आला. एका बाईनं मोबाइल पाळण्याला बांधला आणि दिवसभर रिकामा पाळणा हलवला. एकानं भांडणात हातवारे करताना तो मुठीत धरला म्हणतात. शेवटच्या रविवारी चालण्याची चाल राहिलीच नाही, पांदणीतून सगळे पळतच सुटले. शाळेजवळ आकडे वाचले गेले. गजानन टेलरच्या घराचा आकडा इतका होता की तेवढ्या पावलांत माणूस पांढरकवड्याला जाऊन परत आला असता.

सिस्टरनी गजाननच्या चपलांकडे पाहिलं. कोऱ्या. मग त्यांची नजर बकरीकडे गेली. बकरीच्या गळ्यात टेलरनं स्वतःच्या हातानं शिवलेला, बटण लावलेला, छान पायपिंग केलेला खिसा होता, आणि खिशात मोबाइल.

हसून हसून लोकांची पोटं दुखली. सिस्टरनी जिंकणाऱ्यासाठी आणलेला हार बकरीच्या गळ्यात घातला, तो तिनं लगेच खाल्ला. गजानन म्हणाला, "सिस्टर, चोरी नाई केली. बकरीबी घरचीच हाय, तुमी म्हनलं ना अख्खं घर!" कळशी त्यालाच मिळणार होती. तेवढ्यात गर्दीतून एक सून घाबऱ्या आवाजात ओरडली, "आत्याबाई कुठं हायत?"

तिची सासू, देवकाबाई, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार. निघताना सगळ्यांबरोबर होती. पळापळीत ती मागे पडलेली कोणाला कळलंच नव्हतं, पोटच्या मुलालाही. सगळे उलटे धावले. देवकाबाई तुरीच्या एका धुऱ्यावर बसलेली सापडली. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. पडली नव्हती, रडत नव्हती. उलट सगळ्यांना धापा टाकताना पाहून तिलाच नवल वाटलं.

"अव, कायले आले परत? म्या म्हनलं, माह्या पायानं लेकाचा नंबर जाईन. म्हनून बसली. मी येतच होती ना मांगून."

मला हे शोभानं येऊन सांगितलं. दुपारी सिस्टर बाकावर आल्या तेव्हा रजिस्टर पिशवीतच राहिलं. मी चहा मागवला, तो निवून गेला. इतका वेळ न बोलता बसलेल्या सिस्टर मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या, "माह्या मालकाईले तुमी पाह्यलं होतं ना?"

मालक म्हणजे त्यांचे यजमान, फुलसिंगभाऊ. एसटीत ड्रायव्हर होते, शांत माणूस. रिटायर झाल्यावर लकव्याचा झटका आला होता, त्यांच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. त्यांना जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील.

"डाक्टर म्हने, चालवा. मी रोज सकाळी संग नेऊ. पन ते एक पाय वढत चालत. मले कुठं पोलिओचा डोस राहे, कुठं मीटिंग राहे. दर दहा पावलांनी मी मांगं फिरू अन् म्हनू, चला ना लवकर. एक दिवस ते म्हनले, तू हो समोर, मी येतो मांगून. मी गेली. मले बरंच वाटलं, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशीबी तेच म्हनले. तिसऱ्या दिवशी म्या इचारलंबी नाई."

त्यांनी निवलेला चहा बाजूला सरकवला.

"तीन वर्सं ते खाटेवर होते. मी साऱ्या दुनियेच्या दारातल्या चपला पाह्यल्या, भाऊ. माह्या दारातल्या नाई पाह्यल्या. ते गेल्यावर उचलल्या, तवा दिसलं. वरून इतकी धूळ, का बोटानं नाव लिहता आलं असतं." पदरानं तोंड पुसून त्या उठल्या. "आज देवका तेच बोलली. 'मांगून येतो' म्हननारं मानूस मांगून येत नाई."

पुढच्या रविवारी त्यांनी स्पर्धा बंद केली आणि एकच नवा नियम सांगितला. सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे राहील, त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. नियम त्यांच्या डोक्यातला नव्हता. त्यांचे आजोबा सांगायचे म्हणे, लदेणीवर, म्हणजे बैलांवर माल लादून तांडा निघाला की थकलेला बैल पुढे घालायचे. मागे ठेवला तर तो कुठे बसला ते मुक्कामाला पोचेपर्यंत कळत नाही. पुढे असला की सगळ्यांच्या नजरेत राहतो.

तरण्या लोकांनी कुरकुर केली. एक जण म्हणाला, "सिस्टर, हे चालनं होय का वरात?"

"वरातच समज ना. वरातीत नवरदेव सगळ्यात हळू चालते. त्याले कोनी मांगं टाकते का रे?"

त्या पहिल्या रविवारी देवकाबाई पुढे निघाली ती लाजून, पदर दातात धरून. तिसऱ्या रविवारी तिनं ठणकावून सांगितलं की आज नदीकडे नाही, आज मी नेईन तिकडे. तिनं सगळ्यांना एका पडक्या विहिरीकडे नेलं, जिथून नवी नवरी असताना ती पाणी आणायची. तिथलं गावरान आंब्याचं झाड नेहमी झपझप जाणाऱ्यांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं. मागे शंभर माणसं आणि पुढे ही. मध्येच वळून म्हणायची, "दमले का रे?" देवकाबाईची सून शोभाला सांगत होती, आत्याबाई आता शनिवारपासूनच चपला पुसून ठेवतात.

आणि मग जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. ज्यांच्या चपलांवर वरून धूळ होती ती माणसं बाहेर पडू लागली. लकव्याचे, सांधेदुखीचे, बाळंतपणानं अशक्त झालेल्या बाया. हळू चालणं ही आता शरम नव्हती, मान होता. एकदा दोन म्हातारे पुढे कोण चालणार यावरून शाळेच्या फाटकात भांडले. "मी हळू." "तू कायचा हळू, काल तं बसमांगं धावलास!" सिस्टरनी दोघांच्या चपला तपासून निवाडा दिला. त्या स्वतः मात्र कायम सगळ्यात शेवटी चालायच्या, छत्री घेऊन. पुढचं टोक त्यांच्या नियमाच्या ताब्यात, शेपूट त्यांच्या स्वतःच्या.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात सिस्टर घरच्या नळापाशी शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी वॉकर घेऊन घरी आल्या. पांढरकवड्याहून त्यांची मुलगी सुनीता येऊन राहिली होती. रविवारचं चालणं थांबलं नाही. सिस्टर खेळ कागदावर लिहून देवकाबाईकडे पाठवायच्या, चांगलेच खेळ असायचे. लोक विचारायचे, सिस्टर कधी येणार? उत्तर यायचं, या रविवारी नाही, पुढच्या. असे सात-आठ रविवार गेले.

एका शुक्रवारी कॅल्शियमच्या गोळ्या द्यायला मीच त्यांच्या घरी गेलो. दारात सुनीताच्या चपलांशेजारी आणखी दोन जोड होते. एक पुरुषी चपलांचा, स्वच्छ पुसलेला. कोणाचा ते मला विचारावं लागलं नाही. शेजारी सिस्टरच्या चपला, आणि त्यांच्या पट्ट्यांवर वरून धूळ. मी ती विद्या शिकलो नव्हतो, पण इतकी वर्षं त्या बाईंच्या सहवासात राहून एवढी अक्षरं मलाही वाचता येत होती.

आत त्या खाटेवर बसल्या होत्या. बारीक झालेल्या. मी विचारलं, "चालता की नाही?"

"चालतो ना. घरातल्या घरात."

"रविवारी या की आता. सगळे वाट पाहतात."

"अव बाप्पा, मी आली तं सारे खोळंबते. हे वॉकर, हे ठक ठक. तुमी व्हा समोर. मी येतो मांगून."

त्यांना आपण काय बोललो ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. वास्तविक तिथेच बोलायला हवं होतं. पण दुकानदाराची जात, गिऱ्हाइकाला तोंडावर काही म्हणायची सवय नाही. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून बाहेर आलो. आईला 'याडी' म्हणणारी सुनीता दारापर्यंत सोडायला आली, म्हणाली, "काका, सोमवारी याडीला घेऊन जाते पांढरकवड्याला. तिथं पायरी नाही, संडास-बाथरूम सगळं आतच. घराबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. याडी हो म्हणाली." पोरीच्या मनात मायाच होती. मी मान हलवली आणि घरी येऊन शोभाला सगळं सांगितलं. शोभानं देवकाबाईला सांगितलं. त्यापुढे काही सांगावं लागलं नाही.

रविवारी सकाळी मीही गेलो. दुकान बंद ठेवून. आम्ही शाळेपाशी न जमता सिस्टरच्या अंगणात जमलो. शंभराला चार-दोन कमी असतील. बकरीसुद्धा होती. देवकाबाईनं खूण केली आणि सगळे खाली बसले. गजाननं बकरीलाही खाली बसवलं.

सिस्टर वॉकर टेकत दारात आल्या. "काय झालं? निंघा ना. खेळ काल पाठवला ना म्या?"

"खेळ हाय," देवकाबाई म्हणाली, "पन निंघता येत नाई."

"काहून?"

"सगळ्यात हळू मानूस समोर पाह्यजे. तो आला नाई अजून."

"तू हाईस ना."

"मी होती," देवकाबाई उठून उभी राहिली. "आता माह्यापेक्षा हळू एक जन हाय गावात. मी त्याले वलांडून जाऊ का? नियम तुहाच हाय, सिस्टर. आमी बसतो इथंच. दुपार झाली तं दुपार."

सिस्टर चिडल्या. खरंच चिडल्या. "कायचा तमाशा लावला हा! माह्या पायानं शाळेपावतो जाले अर्धा घंटा लागन. लेकरं उन्हात तापतीन. उठा सारे. मी येतो..."

आणि तिथे त्या अडकल्या. पुढचा शब्द त्यांच्या ओठावर आला आणि तो त्यांना स्वतःलाच ऐकू गेला. त्यांची नजर खाली दारातल्या चपलांवर गेली. दोन्ही जोडांवर. शोभानं माझा हात घट्ट धरला होता.

देवकाबाई आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी वाकली. सिस्टरच्या चपला उचलून तिनं आपल्या लुगड्याच्या पदरानं वरची धूळ पुसली आणि त्या पायांसमोर ठेवल्या.

"घाल व माय," ती म्हणाली.

सिस्टरनी आधी उजवा पाय घातला, मग मोडलेला डावा. रडत होत्या, आणि रडता रडता ओरडत होत्या, "मांगं कोनी ढकलाढकली करू नका! गजू, बकरी धर!" शाळेपुढचा कडुनिंब त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पोचायला खरंच अर्धा तास लागला. ठक, पाऊल, ठक, पाऊल. मागे सगळं गाव. पोरं दंगा करत होती, पण पुढे एकही गेलं नाही. कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली होती, तीवर बसून सिस्टरनी रजिस्टर मागितलं आणि पहिल्यांदा तिसरा रकाना रिकामा सोडला. मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, आज टाच टेकली वाट्टे."

सोमवारी सुनीता एकटीच पांढरकवड्याला गेली.

यानंतर वर्षभरानं आम्हीही बोरी सोडली. मुलाचं म्हणणं, आता दुकान पुरे, नागपूरला चला. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. निरोपासाठी सिस्टरच्या घरी गेलो तर दाराला कडी. अर्थात, रविवार होता.

पुलावर आमची गाडी अडकली. पुढे माणसंच माणसं, रस्ता भरून. त्यांच्याही पुढे, अगदी टोकाला, एक काळी छत्री दिसत होती. वॉकर गेला होता, आता छत्रीच काठीसारखी टेकत त्या चालत होत्या. डावा पाय थोडा ओढत. मुलाला घाई. त्यानं हॉर्नवर हात ठेवला.

"वाजवू नको," मी म्हटलं.

"बाबा, किती हळू चाललेत हे!"

"तसंच असतं. त्यांना ओलांडायचं नाही."

अडाणचा पूल संपेपर्यंत आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये राठोड सिस्टरच्या मागे चालली. शोभा मागच्या सीटवर रडत होती की हसत होती, आरशात नीट दिसलं नाही. पूल संपल्यावर माणसं बाजूला झाली. गाडी सिस्टरजवळ आली तेव्हा मी काच खाली केली. त्यांनी आधी टायरांकडे पाहिलं, चारी टायर, वाकून. मग माझ्या तोंडाकडे.

"मांगच्या चाकात हवा कमी हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "हळू जाजा."